पाठीकडून खुर्ची पाहणारे गृहस्थ

ज्या गृहस्थांविषयी मी येथे लिहिणार आहे, त्यांचा आणि माझा परिचय मीच त्यांच्याविरुद्ध केलेल्या एका तक्रार अर्जामुळे झाला, हे आरंभीच नमूद करणे मला आवश्यक वाटते. पुढे कोणी ते उकरून काढले, तर मी दडवले असे होऊ नये.

निवृत्तीनंतर मी मुलीकडे, मॅसॅच्युसेट्समधील श्रूजबरी या गावी राहावयास आलो. त्यापूर्वी माझी सारी नोकरी नागपुरात एका महामंडळाचा विधी अधिकारी म्हणून झाली. आमच्या येथील वसाहतीत लाकडी घरे एकमेकांना खेटून उभी आहेत आणि प्रत्येक घराखाली गॅरेज आहे. आमच्यापासून तिसऱ्या गॅरेजमधून आठवड्यातून तीन-चार सकाळी असा वास येई, की हातातला चहाचा कप खाली ठेवावा लागे. मी वसाहतीच्या असोसिएशनला चार पानांचे पत्र लिहिले. मुलगी म्हणाली, "बाबा, प्लीज! मेलबॉक्सचं लेटर झालं, स्नोप्लाउचं झालं. आता हे नको." जावई लॅपटॉपमधून डोके वर न काढता तिला म्हणाले, "लिहू दे ना यार. असोसिएशनला पण काहीतरी काम पाहिजे."

सहाव्या दिवशी दाराची घंटा वाजली. बाहेर माझ्याच वयाचे, उंच, वाळक्या शेंगेसारखे एक गृहस्थ उभे होते. अंगात लोकरीचे जुने जाकीट, पायांत मोजे आणि सपाता, आणि उजव्या गालावर सोन्याची बारीक चमक. त्यांच्या हातात माझे पत्र होते.

"हे तुम्ही लिहिलंत ना?"

"असोसिएशनने माझे नाव उघड करायला नको होते," मी म्हणालो. "तो नियमांचा भंग आहे."

"नाव खोडूनच पाठवलंय हो. पण 'अफोरसेड स्टेंच' असं लिहिणारा माणूस या देशात जन्मलेला नसतो. म्हटलं, आपलाच कोणीतरी असणार. तिसरा परिच्छेद झकास आहे. फक्त 'मृत प्राणी' हे मोघम झालं. ससा आहे. चला, दाखवतो."

मी गेलो. का गेलो, याचे समाधानकारक उत्तर मी अद्याप स्वतःलाही दिलेले नाही.

गॅरेजमध्ये मोटार नव्हती. एका कोपऱ्यात विजेच्या शेगडीवर पातेले, त्यात गरम पाणी आणि पाण्यात बसवलेले दुसरे लहान पातेले होते. आतमध्ये मधासारखा द्रव मंद हलत होता. तो सशाच्या कातड्याचा सरस. मध्यभागी, जुन्या चादरीवर, दोन खुर्च्या पालथ्या पडलेल्या होत्या. त्यांचे वाकडे पाय वर, जणू कोणी दमून आडवे झाले आहे. त्या फ्रान्समध्ये, राजेशाहीच्या शेवटच्या काळात घडलेल्या, हातांच्या सोनेरी खुर्च्या होत्या. मी त्या सरळ करून पाहू लागताच ते ओरडले, "अहो, थांबा! खुर्चीला आधी पाठीकडून भेटावं. समोरून ती पाहुण्यांसाठी असते."

हे त्यांचे ब्रीद होते आणि ते त्यांनी कोठेही मोडले नाही. गावातल्या कोणाच्या घरी सत्यनारायण असो वा वाढदिवस, हे गृहस्थ आत शिरले की यजमानांना नमस्कार करण्याआधी जेवणाच्या टेबलाची एखादी खुर्ची उलटी करून पाहत. खालून खिळे दिसले की "अरेरे" म्हणत आणि ती होती तशी ठेवून देत. एकदा मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांनी प्रमुख पाहुण्यांना उठवून त्यांची खुर्ची उलटी केली होती, असे मला त्यांच्या पत्नीने सांगितले. गल्लीतल्या सगळ्यांच्या त्या काकू. त्यांची स्वतःची तक्रार निराळी होती. "यांनी आयुष्यभर खुर्च्या केल्या, पण माझ्या घरात बसायला एक धड नाही. सगळ्या लोकांच्या. हे स्वतः डब्यावर बसतात!" ते खरे होते. ते रंगाच्या रिकाम्या, पालथ्या बादलीवर बसत. आमच्या दिवाणखान्यातील, कळ दाबली की पाय वर उचलणाऱ्या चामडी खुर्चीला ते "लोळायचं यंत्र" म्हणत आणि तिच्यात बसण्याचा आग्रह झाला की भिंतीला टेकून उभे राहत.

हा धंदा त्यांच्या घराण्यातला नव्हे. ते इंजिनिअर म्हणून या देशात आले आणि पुष्कळ वर्षे प्लास्टिकचे साचे करणाऱ्या कारखान्यात होते. पन्नाशी उलटल्यावर एका संग्रहालयात गेले असता त्यांनी दोरीपलीकडची एक सोनेरी खुर्ची पाहिली आणि तिच्या पाठीमागे काय असेल, हे त्यांना कळेना. ते दोरीखालून आत सरपटत गेले. पहारेकऱ्याने त्यांना पायाला धरून बाहेर ओढले. "पण तेवढ्यात बघून घेतलं," ते मला अजूनही विजयाने सांगत. "मागे सोनं नव्हतंच! नुसती पिवळी माती फासलेली. भिंतीकडची बाजू, कोण बघणार? मी म्हटलं, हा माणूस आपल्यातला." पुढच्याच महिन्यात त्यांनी एका म्हाताऱ्या कारागिराकडे झाडू मारण्यापासून सुरुवात केली. कारखान्याची नोकरी सोडल्याचे काकूंना तीन आठवडे सांगितले नव्हते.

मी माझी तक्रार मागे घेतली. मागे घेण्याचे पत्र मूळ पत्राहून दीड पानाने मोठे झाले, कारण मला वस्तुस्थिती सविस्तर मांडावी लागली. असोसिएशनच्या नियमावलीत गॅरेजमधील छंदास मनाई नाही, हेही मी त्यांना शोधून दिले. त्यानंतर मी रोज सकाळी तेथे जाऊ लागलो. ते मला "वकीलसाहेब" म्हणत. मी वकील नाही, विधी अधिकारी होतो, हे मी त्यांना निदान वीस वेळा सांगितले. "तेच ते," ते म्हणत.

मला तेथे कशाने बांधून ठेवले असेल, तर त्या कामातील क्रमाने. लाकूड बीच नावाच्या युरोपी झाडाचे. त्यावर आधी पातळ सरस. मग खडूची भुकटी सरसात कालवून तिचे थर, एकावर एक, दहा-बारा. प्रत्येक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही. इतके थर चढल्यावर मूळ नक्षी बुजते, पानांच्या शिरा दिसेनाशा होतात. मग त्या पांढऱ्या थरात बारीक अवजारांनी तीच नक्षी पुन्हा कोरायची. मी विचारले, "म्हणजे एकदा लाकडात कोरली, ती बुजवली आणि पुन्हा कोरली? हा अपव्यय नव्हे काय?" त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. "लाकडाला रेषा असतात, वकीलसाहेब. तिथं केसाएवढं नाजूक पान निघत नाही. खडूत निघतं."

कोरून झाले की सगळीकडे पिवळी माती; आणि जेथे सोने आरशासारखे चकाकायला हवे तेथे तिच्यावर तांबडी. ती चिकणमाती इतकी तांबडी, की पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्याची आठवण झाली. त्या मातीवर पाणी लावायचे आणि पाणी सुकायच्या आत सोन्याचा वर्ख टाकायचा. तो वर्ख आपल्या मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाहून पातळ असतो. बोटाने उचलला तर बोटातच विरतो. तो उचलायला खारीच्या केसांचा चपटा कुंचला असतो. कुंचला आधी गालावरून फिरवायचा, गालाच्या तेलकटपणाने वर्ख त्याला धरून राहतो. त्यांच्या उजव्या गालाचे गूढ मला असे उलगडले. जेव्हा वर्ख टाकायचा असेल तेव्हा गॅरेजचा हीटर बंद, दार बंद, आणि बोलणे बंद. एकदा मी शिंकलो. वर्खाच्या वहीतली अर्धी पाने छताला जाऊन चिकटली. त्या दिवसापासून ते मला एक रुमाल देऊ लागले, आणि तो मी नाकावर बांधूनच आत यावे, असा शिरस्ता झाला.

सुकल्यावर अकीकाच्या दगडाने सोने घोटायचे. दगड कुत्र्याच्या सुळ्याच्या आकाराचा. आधी हलके, मग दाबून. मंद पिवळ्या पृष्ठभागातून अचानक उजेड बाहेर येतो. तो क्षण मी अनेक वेळा पाहिला आणि प्रत्येक वेळी पुढे वाकलो.

मला सर्वाधिक रस वाटला तो त्या काळच्या कायद्यात. खुर्चीचा सांगाडा करणारा एका संघाचा, नक्षी कोरणारा दुसऱ्या, सोने चढवणारा तिसऱ्या, गादी शिवणारा चौथ्या. आणि एकाने दुसऱ्याचे काम केले तर शिक्षा. हे ऐकून मी म्हणालो, "उत्तम व्यवस्था. जबाबदारी निश्चित करता येते."

"आणि मी चौघांचंही एकटाच करतो," ते म्हणाले. "तुमच्या हिशेबानं मला चार वेळा तुरुंगात टाकायला हवं."

ते कट्टर शाकाहारी होते आणि सशाच्या कातड्याचा सरस दररोज ढवळत होते. याविषयी मी त्यांची उलटतपासणी केली. "संकष्टीला आणि एकादशीला शिजवत नाही," त्यांनी सांगितले. "बाकीच्या दिवशी आंघोळ करतो." "हा बचाव टिकणार नाही," मी म्हणालो. "कोणापुढे?" त्यांनी विचारले.

आता त्या दोन खुर्च्यांविषयी. त्या बॉस्टनमधील जुन्या फर्निचरच्या एका विक्रेत्या बाईंच्या होत्या. मधल्या दोन-अडीचशे वर्षांत त्या दोहोंवर कोणी कोणी पुन्हा सोने चढवले होते, कोणी तर स्वस्त सोनेरी रंगही फासला होता. परंतु एका खुर्चीच्या डाव्या हाताच्या टोकाशी, जेथे बसणाऱ्याचा पंजा विसावतो त्या वळणावर, त्यांना वेगळी छटा दिसली. शस्त्रक्रियेच्या पातीने ते वरचे रंग कणाकणाने खरवडू लागले. महिनाभरात त्यांनी तळहाताएवढी जागा मोकळी केली. खाली मूळ सोने होते. ज्याने ती खुर्ची पहिल्यांदा सोन्याने मढवली, त्याच्या हाताचे. दोन्ही खुर्च्यांवर तेवढेच उरले होते.

त्या तळहाताएवढ्या जागेवर त्यांचे बरेच काही अवलंबून होते. बाईंकडे आणखी एक खुर्ची होती, जिच्यावर आजवर कोणीच हात चालवला नव्हता. अशी खुर्ची आपल्या बाकापाशी यावी, ही त्यांची इच्छा धंद्यात पडल्या दिवसापासूनची. बाईंनी सांगितले होते, की ही जोडी मनासारखी झाली तर ती खुर्ची स्वच्छतेसाठी तुमच्याकडे. ते दिवसातून दोनदा हा विषय काढत आणि काढताच स्वतःच बंद करत. "दिसेल तेव्हा दिसेल," ते म्हणत, आणि मग काकूंना हाक मारत, "अगं, गॅरेजच्या दाराला नवीन रबर लावायला हवं. ती आली तर वारं लागायला नको."

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी ते आपल्या सगळ्या अवजारांची पूजा करत. पाटावर तांबडे कापड अंथरून त्यांनी पटाश्या, कुंचले, अकीकाचे दगड मांडले. मंत्र नीट म्हणणारा म्हणून मला पौरोहित्य दिले. काकू वर पुरणाच्या गडबडीत होत्या. ऐन वेळी गृहस्थांना आठवण झाली, की उदबत्ती लावली की जिन्यातला धुराचा गजर वाजतो आणि मागील वर्षी त्यामुळे अग्निशमन दलाची गाडी आली होती. "आलोच, तो काढून ठेवतो," असे म्हणून ते शिडी घेऊन वर गेले.

मी एकटा उरलो. फुलाने पाणी शिंपडून मी अवजारांचे प्रोक्षण केले, प्रत्येकास हळदकुंकू वाहिले. मग मनात आले, की ज्या वस्तूसाठी ही सारी अवजारे, तीच चादरीखाली झाकून ठेवणे विधीस धरून नाही. मी चादर बाजूस केली. ओल्या अनामिकेने खुर्चीच्या डाव्या हाताच्या टोकास कुंकू लावले. ते पसरले. बोटाला पाणी अधिक होते. म्हणून मी ओल्या फडक्याने पुसले. कुंकू निघाले नाही. आणखी पुसले. तांबडे तसेच. मी जोर लावला.

ते कुंकू नव्हते. कुंकू पहिल्याच वेळी गेले होते. मी पुसत होतो ते सोने. आणि जे जाईना ते सोन्याखालची तांबडी माती होती. त्या पद्धतीचे सोने पाण्यानेच बसते आणि पाण्यानेच निघते, हे मला ठाऊक होते. कित्येक आठवडे मी तेच बघत आलो होतो. तरीही, तांबडा ठिपका दिसला आणि माझ्या हाताने त्याला कुंकूच मानले.

ते जिन्यावरून खाली आले तेव्हा मी फडके हातात घेऊन उभा होतो. फडक्यावर चमक होती. त्यांनी आधी फडक्याकडे पाहिले, मग खुर्चीकडे. मी बोलू लागलो. माझी चूक, माझी संपूर्ण जबाबदारी, इत्यादी. त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि भिंग काढले.

ते गुडघ्यांवर बसले. बराच वेळ त्या जागेवर वाकून राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "वकीलसाहेब, इकडे या. बघा. कडेला तांबडीही निघालीय. तिच्याखाली पिवळी आहे, आणि तिच्याखाली सरळ खडू. मध्ये दुसरं सोनं नाही. म्हणजे हा पहिलाच हात. मला शंका होती, खात्री नव्हती. कापून बघायची हिंमत होत नव्हती." त्यांच्या स्वरात राग नव्हता. मला राग हवा होता. रागाला उत्तर देता येते.

वरून काकूंनी हाक मारली, "अहो, आरती करा लवकर, पुरणपोळ्या गार होतायत!" त्यांनी आरती केली, शेवटपर्यंत, एकही कडवे न गाळता. मग बादलीवर बसले आणि जेवायला वर गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा त्यांनी त्या जागेच्या पुसल्या गेलेल्या अर्ध्या भागावर नवे सोने चढवून, घोटून, थोडे जुने करून ठेवले होते. "शोधा," ते म्हणाले. मी चष्मा पुसून शोधले, भिंगातून शोधले. नव्या आणि जुन्याची सीमा मला सापडली नाही.

"मग प्रश्न मिटला," मी म्हणालो.

"दहा वर्षांनी मलाही सापडणार नाही," ते म्हणाले. "म्हणून तर लिहायचं. काढा कागद."

"बाईंनी विचारल्याखेरीज सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. करारात तसे कलम नाही, मी वाचला आहे. आणि सांगितलेत तर ती तिसरी खुर्ची येणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"उद्या कोणीतरी माझ्यासारखा येईल आणि हे खरवडून बघेल. म्हणेल, वा, पहिल्या कारागिराचं काम! आणि ते असेल माझं. त्या फ्रेंच माणसाच्या नावावर मी का बसू?" त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "लिहा. माझ्या हातून पाण्यानं झालं."

"तुमच्या हातून नव्हे. हे असत्य कथन आहे. मी ते टंकलिखित करणार नाही."

"तुमचं नाव कशाला मध्ये? ती बाई तुम्हाला ओळखतसुद्धा नाही."

"म्हणूनच ओळख करून द्यायला हवी."

आमचे भांडण तासभर चालले. काकू मध्येच चहा घेऊन आल्या, दोघांकडे पाहून म्हणाल्या, "दोघं मिळून एका डागावर हक्क सांगताय की काय?" आणि चहा बाकावर ठेवून निघून गेल्या. अखेरीस 'माझ्या कार्यशाळेत, एका धार्मिक विधीच्या वेळी' असा मसुदा ठरला. 'विधी करणारी व्यक्ती निष्काळजी होती' हे वाक्य मी माझ्या जबाबदारीवर घातले. त्यांनी ते पेनाने खोडले. खोडलेले वाक्य स्पष्ट वाचता येत होते. मी कागद बदलला नाही.

बाई गाडी आणि दोन माणसे घेऊन आल्या. त्यांनी पत्र उभ्याउभ्याच वाचले. मग खुर्चीपाशी जाऊन वाकून पाहिले, आणि म्हणाल्या, "आय रिअली अप्रिशिएट दिस." हा शब्द या देशात बहुधा नकाराआधी येतो, हे मी अनेक कार्यालयांच्या उत्तरांवरून शिकलो आहे. तसेच झाले. ती तिसरी खुर्ची आता अन्य एका कार्यशाळेत जाणार होती. ती कार्यशाळा मोठी होती, तेथे यंत्रे होती, विमा होता. माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी तेथल्या तेथे उत्तराचा मसुदा मनात रचू लागलो. परंतु हे गृहस्थ पुढे झाले आणि आपल्या इंग्रजीत एवढेच म्हणाले, "ती जाण्याआधी मला एकदा बघता येईल? हात लावणार नाही."

बाई थोड्या गोंधळल्या. म्हणाल्या, बुधवारी या, एक तास.

बुधवारी ते सूट घालून निघाले. मुलाच्या लग्नातला होता. खिशात विजेरी आणि दंतवैद्यांचा असतो तसा छोटा आरसा. मोटार मी चालवली.

दुकानाच्या मागच्या खोलीत ती खुर्ची एकटी होती. मला वाटले होते, अस्पर्श सोने अधिक झळकत असेल. नाही. ते मंद होते, तपकिरीकडे झुकलेले, जुन्या तुपासारखे. खाचांत काळी धूळ बसली होती, आणि दोन्ही हातांच्या टोकांना सोने पुरते गेले होते. बसणाऱ्यांच्या पंज्यांनी, वर्षांमागून वर्षे, ते झिजवून तांबडी माती उघडी पाडली होती. अर्थात आमच्या गृहस्थांनी मागच्या बाजूने सुरुवात केली. मग पाठीवर आडवे होऊन, सुटासह, गालिच्यावरून खुर्चीखाली सरकले. विजेरी, आरसा, मध्येच "हं". मी घड्याळ पाहत होतो. तास संपायला आला तेव्हा बाई आत आल्या आणि जमिनीवरचे पाय पाहून क्षणभर दचकल्या.

"ती कार्यशाळा म्हणते, सगळं साफ करू आणि हातांची झिजलेली टोकं नव्या सोन्यानं भरू," बाईंनी सांगितले. "तुम्हाला काय वाटतं?"

ते खालून बाहेर आले. उठायला त्यांना वेळ लागला. मी हात दिला. त्यांना ही खुर्ची हवी होती हे त्या बाईंनाही माहीत होते, आणि मी मनात म्हणालो, आता बोला, हीच वेळ आहे, त्या कार्यशाळेच्या पद्धतीचे दोष सांगा, स्वतःची बाजू मांडा.

"काही करू नका," ते म्हणाले. "मऊ ब्रशनं धूळ झाडा. बस्स. हातांना तर मुळीच नाही. तिथं लोक बसलेत."

"मग मी तुमच्याकडे पाठवली असती तर तुम्ही काय केलं असतं?"

त्यांनी खांदे उडवले. "महिनाभर पाहिली असती. मग परत केली असती."

बाई हसल्या. आम्ही निघालो.

परतताना त्यांनी मला पत्र लिहायला सांगितले, कारण तोंडी सल्ला लोक विसरतात. मी कारणमीमांसेसह दोन पाने मनात जुळवली होती. त्यांनी दोनच वाक्ये सांगितली. या खुर्चीस काही करू नये. कोणी आग्रह केल्यास त्यास माझ्याकडे पाठवावे.

"कारणे?"

"कारणं लिहिली की लोक वाद घालतात. तुम्हाला नाही माहीत?"

मी दोन वाक्ये टंकलिखित केली. उत्तर आले नाही.

त्या वर्षाच्या शेवटी काकूंचे गुडघे जिन्याला नकार देऊ लागले आणि ते दोघे टेक्सासला, फ्रिस्कोमध्ये मुलाकडे राहायला गेले. तेथल्या गॅरेजमध्ये दोन मोटारी असतात. सरसाची शेगडी नेता आली नाही. ते फोनवर याविषयी तक्रार करत नाहीत. तेथल्या शेजाऱ्यांच्या खुर्च्या खालून कशा आहेत, एवढेच सांगतात.

गेल्या हिवाळ्यात मी कामानिमित्त बॉस्टनला गेलो असता त्या दुकानावरून जाणे झाले, आणि मी आत शिरलो. खुर्ची पुढच्या दालनात मांडली होती. मी आधी मागे गेलो, मग खाली वाकलो, मग हात पाहिले. टोके तशीच झिजलेली होती, तांबडी माती उघडी. बाजूच्या पुठ्ठ्यावर छापले होते, की या खुर्चीवर कोणतेही काम केलेले नाही व करू नये. सल्ला देणाऱ्याचे नाव नव्हते. मी संतापलो आणि तेथूनच त्यांना फोन लावला.

"नावाचं सोडा हो," ते म्हणाले. "भरली नाहीत ना टोकं?"

"नाही."

"ठेवलीय कुठं?"

"खिडकीपाशी. काचेतून ऊन येते आहे."

"कुठं पडतंय?"

मी वाकून पाहिले. "डाव्या मागच्या पायावर. वर सरकते आहे."

"अहो, मग लाकूड आखडेल! खडू तडकेल! पडदा ओढायला सांगा आधी."

मी तेथील तरुणीस पडदा ओढण्याची विनंती केली. ती म्हणाली, विंडोचा डिस्प्ले झाकता येत नाही, मॅनेजर लंचला गेल्या आहेत. मी तिला वस्तूच्या जपणुकीच्या कर्तव्याविषयी सांगू लागलो. फोनमधून आवाज आला, "वकीलसाहेब, भाषण नको. त्या खिडकीतून ऊन किती वेळ असतं, विचारा."

मी विचारले. साधारण तासभर, ती म्हणाली.

"तुम्ही कोट घातलाय का?"

"घातला आहे."

"लांब आहे?"

"गुडघ्यापर्यंत."

"मग उभे राहा मधे."

मी खिडकी आणि खुर्ची यांच्यामध्ये जाऊन उभा राहिलो. रस्त्यावरून जाणारे लोक काचेतून माझ्याकडे पाहू लागले. माझी सावली खुर्चीच्या पायावर पडली आणि हळूहळू हाताच्या टोकापर्यंत पोहोचली. पलीकडून त्यांनी फोन ठेवला नव्हता.

"ऊन सरकलं असेल. सरका थोडे उजवीकडे," ते म्हणाले.